लीफ्स हरले की दोष मॅथ्यूज आणि मार्नर यांच्याच माथी का?

तिसरी_शिफ्ट

टोरांटो मॅपल लीफ्स या बर्फावरच्या हॉकी संघाचा मिच मार्नर २०२५ च्या जूनअखेरीस व्हेगासच्या संघात गेला, त्या दिवशी आमच्या कार्यालयातल्या चहाच्या खोलीत घरातली पीडा टळल्यासारखा आनंद होता. त्याआधीच्याच हंगामात १०२ गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवलेला आणि टोरांटोच्या उपनगरातच वाढलेला खेळाडू संघ सोडतो आणि हळहळण्याऐवजी लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, हे मला पटले नाही. नीट विचार केला, तेव्हा त्या लोकांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असेही म्हणता येईना. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

ज्यांना बर्फावरच्या हॉकीची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. लीफ्सने स्टॅन्ली करंडक, म्हणजे लीगचे विजेतेपद, शेवटचा १९६७ मध्ये जिंकला. २०१६ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) ऑस्टन मॅथ्यूज पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, त्याच्या जोडीला मार्नर आणि विल्यम नायलँडर होते, २०१८ मध्ये जॉन टवारेस आला आणि आता करंडक फार दूर नाही असे सगळ्यांना वाटू लागले. २०१७ पासून सलग नऊ वर्षे हा संघ साखळी हंगाम पार करून पुढे, म्हणजे प्लेऑफमध्ये गेला. तिथे प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी, सहसा सात सामन्यांची, मालिका असते. त्या नऊ वर्षांत त्याने केवळ दोन मालिका जिंकल्या, २०२३ मध्ये टँपाविरुद्ध आणि २०२५ मध्ये ऑटावाविरुद्ध.

एखादी मालिका गमावणे समजू शकते, परंतु ही मंडळी ज्या रीतीने हरतात त्यातला सारखेपणा पाहा. २०१९ मध्ये बॉस्टनविरुद्धचा सातवा सामना ५-१ ने गेला. २०२० मध्ये कोलंबसविरुद्धचा पाचवा आणि निर्णायक सामना ३-० ने गेला. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना सातव्या सामन्यात ३-१ ने हार झाली. २०२२ मध्ये टँपाने २-१ ने, २०२४ मध्ये बॉस्टनने ओव्हरटाइममध्ये २-१ ने आणि २०२५ मध्ये १८ मे रोजी फ्लोरिडाने आमच्याच रिंकवर ६-१ ने हरवले. म्हणजे सहा निर्णायक सामन्यांत मिळून आमचे पाच गोल झाले. ते करणारे टवारेस, नायलँडर, रायली, पुन्हा नायलँडर आणि डोमी. मॅथ्यूज आणि मार्नर यांचा त्यात एकही नाही.

तरीही पराभवाचा दोष सरसकट या दोघांवर टाकणे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण या खेळाच्या रचनेतच आहे. आघाडीचा उत्तमातला उत्तम खेळाडूसुद्धा साठ मिनिटांपैकी वीस-एकवीस मिनिटेच बर्फावर असतो, तेही पाऊण-पाऊण मिनिटाच्या तुकड्यांत. उरलेला वेळ तो बेंचवर बसून दुसऱ्यांचा खेळ पाहत असतो. त्या चाळीस मिनिटांत जे घडते त्याचा जाब त्याला विचारता येत नाही. त्याच्या स्वतःच्या वीस मिनिटांचा हिशोब मात्र मागता येतो, किंबहुना मागायलाच हवा, आणि त्या हिशोबात सर्वांत ठळक नोंद पॉवर प्लेची आहे.

पॉवर प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षेच्या कोठडीत असतो, आपले पाच आणि त्यांचे चार. प्रशिक्षक आपले सर्वोत्तम पाच जण बर्फावर पाठवतो, म्हणजे इथे तिसऱ्या-चौथ्या फळीकडे बोट दाखवण्याची सोय नसते. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध अशा तेवीस संधींतून तीन गोल झाले. २०२४ मध्ये बॉस्टनविरुद्ध एकवीस संधींतून एक! ते दोन-दोन मिनिटांचे तुकडे मी पुन्हा पाहिले. मार्नर कठड्याशी पक (खेळायची रबरी चकती) घेऊन थांबतो, मान वर करून पाहतो, मध्ये बॉस्टनच्या दोन काठ्या आडव्या पडलेल्या असतात, म्हणून तो पक मागे निळ्या रेषेकडे देतो, तिथून तो पलीकडच्या कठड्याकडे जातो आणि पुन्हा मागे येतो. नेटसमोरच्या चौकोनात, जिथे अंगाला मार बसतो, तिथे पाऊल टाकायला कोणी तयार नसते. साखळी हंगामात हीच माणसे याच पद्धतीने गोल करतात, कारण तेव्हा बचाव करणारे अर्धा क्षण उशिरा पोहोचतात. एप्रिल उजाडला की तो अर्धा क्षण मिळत नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की संघ हरला याचा दोष त्यांचा नसला, तरी पॉवर प्ले आटला याचा आहे. इतरांना काय वाटते?

आकडेमोड

लेख आवडला, परंतु एक गोष्ट आपण सोयीस्करपणे गाळली आहे. २०२४ च्या त्या मालिकेत नायलँडर पहिले तीन सामने खेळलाच नव्हता आणि मॅथ्यूज आजारपणामुळे पाचव्या व सहाव्या सामन्यात नव्हता. एकवीस संधींतल्या बऱ्याच संधींच्या वेळी आपली ही ‘सर्वोत्तम पाच’ मंडळी पूर्ण नव्हती. आणि मॅथ्यूज नसताना लीफ्सने ते दोन्ही सामने २-१ ने जिंकले, हे एक वेगळेच कोडे आहे.

दुसरा मुद्दा असा की सात सामन्यांच्या मालिकेवरून माणसाचा स्वभाव ठरवणे ही घाई आहे. २०१९ मध्ये टँपाने साखळीत ६२ सामने जिंकले, त्यांच्या कुचेरोवने १२८ गुण मिळवले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसने त्यांना चार सरळ सामन्यांत घरी पाठवले. कुचेरोवचा त्या मालिकेत एकही गोल नव्हता, वर एका सामन्याची बंदी झाली ती निराळीच. तेव्हाही हा संघ नाजूक आहे, यांचे तारे बिनकामाचे आहेत असेच लिहिले गेले. पुढची दोन वर्षे करंडक त्याच संघाने आणि बव्हंशी त्याच खेळाडूंनी उचलला.

वॉशिंग्टनच्या ओव्हेच्किनचे उदाहरण तर सर्वांना पाठ आहे. साखळीत पहिला क्रमांक आणि नंतर दुसऱ्या फेरीच्या पुढे मजल नाही, असे किती वर्षे चालले! २०१० मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध ३-१ अशी आघाडी गेली, ती मुख्यतः समोरच्या हालाक नावाच्या गोलरक्षकामुळे. त्याने सहाव्या सामन्यात ५३ फटके अडवले. दोष कोणाला मिळाला हे सांगायला नकोच. मग २०१८ मध्ये कोलंबसविरुद्ध पहिले दोन सामने हरलेले असताना तिसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये त्याच्याच संघातल्या एलरसमोर पक अंगांवर आपटत आपटत गोलात गेला, तिथून मालिका फिरली आणि जूनमध्ये ओव्हेच्किनच्या हातात करंडक होता. तो पक एक वीत बाजूने गेला असता, तर आजही ओव्हेच्किन ‘मोठ्या सामन्यात न खेळणारा’ म्हणूनच ओळखला गेला असता.

गोलीची_आई

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे गोलरक्षक म्हणून खेळते. त्यामुळे दोष या शब्दाशी आमच्या घराचा जवळचा परिचय आहे. शनिवारी सकाळी सहाला रिंकवर पोहोचायचे, तिचे पॅड बांधायचे आणि मग काचेमागे इतर पालकांत उभे राहायचे. संघ ३-२ ने हरला, तर तिच्या हातून गेलेले तीन गोल सगळ्यांना आठवतात. मोकळ्या नेटसमोर ज्याने दोन संधी घालवल्या, त्याचे वडील त्याच तीन गोलांची चर्चा माझ्याशी करतात.

हे सांगण्याचे कारण असे की या धाग्यावर अजून गोलरक्षकाचे नाव आले नाही. २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यांच्या बेनेटचे कोपर आपला गोलरक्षक स्टोलार्झ याला लागले आणि त्या मालिकेत तो पुन्हा गोलात उभा राहिला नाही. त्यानंतर सगळा भार दुसरा गोलरक्षक वोल याच्यावर आला. समोरच्या गोलात बॉब्रोव्स्की होता. लीफ्सने पहिले दोन सामने जिंकले होते, तिसऱ्यातही सुरुवातीला दोन गोलांनी पुढे होते आणि तो सामना ओव्हरटाइममध्ये ५-४ ने गेला. चार गोल केलेल्या रात्रीसुद्धा आपण आघाडीच्या खेळाडूंनाच बोल लावणार आहोत काय?

जुना_कट्टा

मला ही सगळी सारवासारव वाटते. ज्याला संघाच्या तिजोरीतला एवढा वाटा मिळतो, त्याने दोषाचाही तेवढाच वाटा उचलला पाहिजे, यात अवघड काय आहे?

२०१९-२० च्या हंगामात संघाला पगारावर जास्तीत जास्त ८ कोटी १५ लाख डॉलर खर्च करता येत होते. त्यातले साधारण ४ कोटी ५ लाख मॅथ्यूज, टवारेस, मार्नर आणि नायलँडर या चौघांकडे जात. म्हणजे निम्म्या पैशात चार माणसे आणि उरलेल्या निम्म्यात दोन गोलरक्षकांसह बाकी सगळा संघ. बचावफळी कमकुवत का, तिसऱ्या फळीत दम का नाही, गोलरक्षक स्वस्तातला का, या प्रश्नांची उत्तरे त्या चार धनादेशांवर लिहिलेली आहेत. शेजारच्या घरात पाहा. कोलोराडोने २०२२ मध्ये करंडक जिंकला तेव्हा त्यांचा तारा मॅकिनन ६३ लाख डॉलरवर खेळत होता. आपल्या वीरांनी एकेक डॉलर मोजून घेतला आणि वर चाहत्यांनी समजून घ्यावे अशी अपेक्षा!

ते वीस मिनिटांचे गणितही मला फसवे वाटते. मार्शंड वीस मिनिटेसुद्धा खेळत नाही. तरी त्याने बॉस्टनकडून २०१३, २०१८, २०१९ आणि २०२४ मध्ये, आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून, असे पाच सातवे सामने लीफ्सविरुद्ध खेळले आणि पाचही जिंकले. २०२५ च्या त्या तिसऱ्या सामन्यातला ओव्हरटाइमचा गोलही त्याचाच. मिनिटे तेवढीच असतात, माणूस वेगळा असतो.

तिसरी_शिफ्ट

@आकडेमोड, चूक मान्य. २०२४ चा आकडा मी अर्धवट संदर्भाने दिला. परंतु २०२१ च्या मालिकेत मॅथ्यूज आणि मार्नर सातही सामने खेळले. टवारेस पहिल्याच सामन्यात मॉन्ट्रियलच्या पेरीच्या गुडघ्याचा मार डोक्याला लागून बाहेर गेला, त्यामुळे सारा भार या दोघांवर होता, हेही खरे. त्या हंगामात मॅथ्यूजने ५२ सामन्यांत ४१ गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. मालिकेत त्याचा एक गोल झाला आणि मार्नरचा एकही नाही. याला नशीब म्हणायला मी तयार आहे, फक्त मग तेच नशीब २०२३ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध पुन्हा का आले हे कोणीतरी सांगावे. त्या मालिकेत पाचही सामन्यांत लीफ्सचे बरोबर दोन-दोन गोल झाले आणि मॅथ्यूजचा एकही झाला नाही.

@जुना_कट्टा, पगाराचा मुद्दा मी मुद्दाम टाळला होता, कारण तो दोष मला खेळाडूंचा वाटत नाही. समोरून देऊ केलेले पैसे कमी करून मागावेत ही अपेक्षा आपण आपल्या नोकरीत कोणाकडून करत नाही. करारांवर सही व्यवस्थापनाने केली. पगाराची मर्यादा दरवर्षी वाढत जाईल या हिशोबाने ते करार झाले होते. पाठोपाठ महासाथ आली आणि मर्यादा तीन हंगाम त्याच ८ कोटी १५ लाखांवर अडकून पडली. मॅकिननचा करार २०१६ चा होता, तो अजून मॅकिनन व्हायचा होता तेव्हाचा. त्याने संघावर उपकार म्हणून तो आकडा स्वीकारला असे समजण्याचे कारण नाही. मार्शंडबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्या माणसाचे नाव काढले तरी माझा रक्तदाब वाढतो.

खडकीकर

मी पुण्याचा, आमची हॉकी मैदानावरची. खडकीत धनराज पिल्ले यांचे नाव ऐकत वाढलो. बर्फावरचा खेळ मला फारसा कळत नाही, तरी विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्धचा सामना जिंकला असता, तर भारत उपांत्य फेरीत जाणार होता. १-० अशी आघाडी होती आणि सामना संपायला दोन मिनिटेही उरली नसताना पोलंडने बरोबरी साधली. आमच्या भागात त्यानंतर कित्येक दिवस बचाव कसा कोलमडला याचीच चर्चा होती. धनराजने दुसरा गोल का केला नाही, असे विचारलेले मी कोणाकडून ऐकले नाही. तुमच्याकडे नेमके उलटे दिसते. प्रश्न असा की तिकडे बचावपटूंना कोणी बोल लावतच नाही काय?

गोलीची_आई

@खडकीकर, लावतात, आणि तेही क्रूरपणे. २०१८ चा बॉस्टनविरुद्धचा सातवा सामना आठवते. दोन सत्रे झाली तेव्हा लीफ्स ४-३ ने पुढे होते. शेवटच्या सत्रात बॉस्टनने चार गोल केले आणि सामना ७-४ ने गेला. पाच गोलांच्या वेळी गार्डिनर हा बचावपटू बर्फावर होता. सामन्यानंतर तो पत्रकारांसमोर उभा राहिला आणि दोष त्याने स्वतःवर घेतला, डोळ्यांत पाणी दिसत होते. पुढच्या हंगामात घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच मालिकेतल्या सात सामन्यांत मॅथ्यूजचा एक गोल होता, पण त्या वसंतात मॅथ्यूजला कोणी काही म्हटले नाही, कारण तेव्हा तो वीस वर्षांचा, लाडका आणि स्वस्त होता.

तिसरी_शिफ्ट

हे मी विसरलो होतो, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री गार्डिनरला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. आपल्या उदाहरणावरून असे दिसते की दोष कोणाला द्यायचा हे खेळापेक्षा पगाराच्या आकड्यावर आणि वयावर ठरते. त्यामुळे माझ्या वीस मिनिटांच्या हिशोबात थोडी दुरुस्ती करावी लागेल. तो हिशोब सर्वांना लावायचा असेल, तर गार्डिनरची ती मिनिटेही मोजली पाहिजेत आणि बेंचमागे उभे राहून त्याला पुन्हा पुन्हा बर्फावर पाठवणाऱ्या प्रशिक्षकाचीही.

एडमंटनवासी

आमच्याकडची स्थिती सांगतो. २०२४ च्या अंतिम मालिकेत आम्ही फ्लोरिडाविरुद्ध ०-३ ने मागे होतो, तिथून ३-३ केले आणि सातवा सामना २-१ ने हरलो. आमच्या मॅकडेव्हिडला त्या प्लेऑफमध्ये ४२ गुण मिळाले. त्यातल्या ३४ गोलसाहाय्यांचा तर विक्रम झाला. सर्वोत्तम खेळाडूसाठीचा कॉन स्माइथ करंडक पराभूत संघातल्या खेळाडूला क्वचितच मिळतो, तो त्याला मिळाला आणि तो घ्यायला तो बर्फावर आलाच नाही. आता गंमत पाहा. शेवटच्या दोन सामन्यांत त्याला एकही गुण मिळाला नव्हता. @आकडेमोड यांच्या पद्धतीने पाहिले, तर तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होता. @तिसरी_शिफ्ट यांच्या निर्णायक सामन्यांच्या यादीत घातले, तर त्याच्या नावापुढे शून्य येते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल आणि एकाच महिन्यातल्या आहेत.

एडमंटनमध्ये त्याला कोणी दोष दिला नाही. याचे कारण आम्ही टोरांटोच्या लोकांपेक्षा समंजस आहोत असे नाही. सातव्या सामन्यापर्यंत संघाला ओढून आणताना आम्ही त्याला रोज पाहिले होते.

जुना_कट्टा

@एडमंटनवासी, नेमके हेच मी म्हणत होतो. मॅकडेव्हिडने आधी भरपूर दिले, म्हणून शेवटचे शून्य माफ झाले. आमच्याकडे द्यायची वेळ आली की प्रत्येक वर्षी शून्यच. मॅथ्यूजच्या ६९ गोलांच्या हंगामाचे मला कौतुक आहे, परंतु ते हंगामाच्या उत्तरार्धातल्या एखाद्या मंगळवारी घरच्या रिंकवर कमकुवत पाहुण्यांविरुद्ध केलेले गोल असतात.

आकडेमोड

@जुना_कट्टा, ‘प्रत्येक वर्षी शून्य’ हे बरोबर नाही. २०२५ मध्ये फ्लोरिडातला सहावा सामना हरलो असतो तर तिथेच संपले असते. तो २-० ने जिंकला आणि त्यातला पहिला, म्हणजेच विजयी गोल मॅथ्यूजचा होता. मार्नरनेही त्या प्लेऑफमध्ये १३ सामन्यांत १३ गुण मिळवले. दोन दिवसांनी ६-१ झाले म्हणून सहावा सामना घडलाच नाही असे होत नाही.

आणि दोष द्यायचाच असेल, तर जो शंभर टक्के खेळाडूचा आहे तो द्या. लीफ्सच्याच काद्रीने २०१८ मध्ये तीन सामन्यांची बंदी ओढवून घेतली, २०१९ मध्ये दुसऱ्याच सामन्यात बॉस्टनच्या खेळाडूला काठीने ठोसून उरलेल्या मालिकेला मुकला. तिथे नशीब, समोरचा गोलरक्षक, पगारमर्यादा असे काही नव्हते. संघाने त्याला त्याच उन्हाळ्यात कोलोराडोला दिले आणि २०२२ च्या अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यात ओव्हरटाइमचा गोल करून त्याने करंडकही मिळवला. तुमच्या चहाच्या खोलीत तेव्हाही पीडा टळल्याचा आनंद झाला असेल.

तिसरी_शिफ्ट

झाला होता. त्या आनंदात मीच पुढे होतो.

गोलीची_आई

एक विषयांतर करते, क्षमा असावी. मुलीच्या वाढदिवसाला घेतलेल्या निळ्या जर्सीवर १६ आकडा आणि मार्नरचे नाव आहे. परवा मी शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री काढून पाठीवरचे नाव उसवायला बसले होते, म्हटले जर्सी तरी वापरात राहील. दोन अक्षरे सुटली होती तेवढ्यात ती शाळेतून आली आणि जर्सी हातातून ओढून घेऊन खोलीत गेली. ती दोन अक्षरे आता पुन्हा शिवून हवी आहेत. निळ्या कापडावर पांढऱ्या जाड दोऱ्याची अशी शिलाई घरच्या मशिनवर जमते का, हे येथे कोणाला माहीत आहे काय?

तिसरी_शिफ्ट

ताई, घरच्या मशिनवर जाड कापडाची सुई लावून जमते, फक्त अक्षराच्या कडेने नागमोडी टाका घाला, सरळ टाका धुतल्यावर ओढला जातो. अनुभवाने सांगतो, माझ्या कपाटात काद्रीची ४३ क्रमांकाची आहे.